ऐंशी टक्के राग

क्लिनिकमध्ये यंत्रमानव आला त्या दिवसापासून सगळे त्याला जावई म्हणू लागले. नाव सिस्टरने ठेवलं होतं आणि त्यात खोट काढायला कुणाला जागा सापडली नाही. त्याला स्वतंत्र खोली लागायची. खोलीत एसी लागायचा, तोही अठरावर; एकोणीस झाला की तो रुसायचा आणि कपाळावरचा दिवा लाल करायचा. काम दिवसाला फार तर दीड तास. ते झालं की दोघांनी मिळून त्याला पुसायचं, मऊ कापडाने, एकाच दिशेने. वर त्याच्या घरचे, म्हणजे कंपनीवाले, दर सोमवारी फोन करून विचारणार, ‘त्याला तिथे काही कमी-जास्त नाही ना?’

सून म्हणून चौदा वर्षं काढलेल्या सिस्टरला हे दुखायचंच. पण तोंडाने बोलणार कोण?

जावयाला एकच हात होता, त्याला सहा कोपरं होती आणि टोकाला केसाएवढी सुई. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवायची इंजेक्शनं तो द्यायचा. त्याआधी अकरा वर्षं हे काम सिस्टर करत होती. डॉक्टरीणबाई पांढऱ्या पेन्सिलीने खुणा करायच्या आणि सिस्टर टोचायची. तिचा हात इतका हलका होता की एक बाई पाचही इंजेक्शनं झाल्यावर डोळे मिटूनच म्हणाल्या होत्या, “आता सुरू करा बाई, किती वाट बघायची!” पण माणसाचा हात तो माणसाचा हात, आणि जावयाचा हात पडला परदेशी. सिस्टरकडे उरलं ते स्पिरिटने कपाळ पुसणं, बर्फ धरणं आणि लोकांना रागावायला लावणं.

हे शेवटचं काम वाटतं तितकं विचित्र नव्हतं. भुवयांच्या मधली आठी घालवायची, तर आठी पाडणारा स्नायू नेमका कुठून कुठे जातो ते कळायला हवं, आणि ते कळायचं तर माणसाने आधी आठी घालायला हवी. पूर्वी डॉक्टरीणबाई म्हणायच्या, “जरा रागावून दाखवा.” लोक खोटं खोटं रागवायचे, भागायचं. जावयाला खोटा राग चालत नव्हता. त्याचा कॅमेरा चेहऱ्याकडे बघायचा आणि पडद्यावर टक्के दाखवायचा. खोटा राग कितीही ताणला तरी तिसाच्या वर चढायचा नाही. ऐंशी झाल्याशिवाय सुई खाली यायची नाही. तीन वेळा जमलं नाही की तो त्या चेहऱ्याला त्या दिवसापुरता नकार द्यायचा आणि चहाडी थेट कंपनीकडे करायचा.

म्हणून सिस्टरचा राग विभाग. सुरुवातीला तिला ते कमीपणाचं वाटलं. मग लक्षात आलं की यातही हात हलका असावा लागतो. बँकेतले एक साहेब आले, तिने त्यांना नुसतं विचारलं, “तुमचा नंबर होता का? मला वाटलं, तुम्ही कुणाला सोडायला आलात.” त्र्याऐंशी टक्के. नाटकात काम करणाऱ्या एक बाई आल्या. त्यांना म्हणाली, “मी तुमचं सगळं बघितलंय. नायिकेच्या आईचं काम तुम्हीच करायचात ना?” एक्क्याण्णव. एका वकिलांना तर तिने काहीच केलं नाही, फक्त त्यांचं वाक्य दोनदा मध्येच तोडलं. शंभरापाशी आकडा थरथरत होता.

पण या आठवड्यात ग्रह फिरले. सोमवारी श्वासाचे वर्ग घेणारे एक गृहस्थ आले, त्यांना तिने ढोंगी म्हटलं तर ते म्हणाले, “शक्य आहे.” चार टक्के. बुधवारी एक बाई आल्या, त्या नुकत्याच प्रेमात पडल्या होत्या. त्यांच्या चपला हरवल्याचं सांगितलं तरी त्या हसत अनवाणी निघाल्या.

कंपनीचा इंजिनीअर जावयाची देखभाल करायला क्लिनिकमध्येच बसायचा. वयाने सव्वीस, चेहऱ्याने सोळा. तो चाचरत म्हणाला, “सिस्टर, तिसरा माणूस नापास झाला ना, तर कंपनी इथे पडदा बसवणार आहे. त्यावर राग येईल अशा चित्रफिती दाखवायच्या. मग माणूस लागणार नाही.”

“म्हणजे मी?”

“तुम्ही... बर्फ.”

“बर्फ फ्रीज धरेल की रे.”

“तेच म्हणतायत ते.”

हे झालं गुरुवारी. शुक्रवारी अकराला तिसरा माणूस आला आणि ती सिस्टरची सासू निघाली.

सासूबाई खुर्चीत आडव्या पडल्या होत्या, पदर नीट, पाय जुळलेले, चेहऱ्यावर घरी असतं तेच हसू. त्यांनी नाव परस्पर नोंदवलं होतं. सिस्टर बर्फाची पिशवी घेऊन दारातच थिजली.

“आई! तुम्ही?”

“अगं, ही आठी बघ ना,” सासूबाई कपाळावर बोट ठेवून म्हणाल्या. “म्हटलं, तुझ्याच दवाखान्यात होतंय तर घालवून टाकू. तुला घरी सांगितलं असतं तर तू उगाच काळजी केली असतीस.”

या बाई म्हणजे सगळ्या इमारतीत नावाजलेलं शांत पाणी. चौदा वर्षांत त्यांनी सुनेला एक शब्द उणा बोललेला नव्हता. दूध उतू गेलं तर म्हणायच्या, “बरं झालं, ओटा पुसायचाच होता.” सिस्टरच्या मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस. तिलाही तसंच वाटायचं. फक्त कधी कधी वाटायचं की आपण एखाद्या फार चांगल्या हॉटेलात राहतोय. जिथे माणसं हसतात, आणि मनात काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही.

डॉक्टरीणबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “सिस्टर, तुमच्या घरचंच माणूस आहे. सोपं आहे की. काहीतरी घरचं काढा.”

“मॅडम, घरचं काही नाहीये.”

“सासू आहे ना?”

“आहे. पण नाहीये.”

जावयाने मान उचलली. त्याचा आवाज गोड आणि पुरुषी होता, विम्याची माहिती सांगणाऱ्यासारखा. “कृपया राग व्यक्त करा,” तो म्हणाला.

“किती छान बोलतो,” सासूबाई म्हणाल्या.

सिस्टरने नेहमीची हत्यारं काढली. म्हणाली, आई, हे पातळ तुम्हाला अजिबात शोभत नाही. सासूबाई म्हणाल्या, खरंय, तुला देईन. म्हणाली, तुमच्या हातच्या चहाला चव नसते. म्हणाल्या, तरी तू रोज संपवतेस, किती गुणाची. पडद्यावर अकरा टक्के आले आणि लाजून नऊवर उतरले. पहिली खेप गेली.

दुसऱ्या खेपेला सिस्टरने डोळे मिटले आणि नोकरीचं नाव घेऊन विहिरीत उडी टाकली.

“आई, तुमची ती मोरपंखी शाल. ती लॉन्ड्रीवाल्याने नाही आटवली. मी आटवली. गरम पाण्यात टाकली.”

“माहितीये गं. लॉन्ड्रीवाला महिनाभर येऊन रडत होता.”

“ताई आल्या की माझं डोकं दुखतं, ते दुखत नाही. मी खोलीत जाऊन झोपते.”

“माहितीये. मीच लेकीला सांगते, येताना वहिनीसाठी डोकेदुखीची गोळी आण. तुझा खोटेपणा उघडा पडायला नको.”

आता उरलं होतं ते एकच, सहा वर्षं उशाशी घेऊन झोपलेलं पाप. “तुमचं खिडकीतलं झाड. तुम्ही गावाला गेलात तेव्हा मी पाणी घालायला विसरले. ते मेलं. मी दुसरं आणून ठेवलं.”

“प्लास्टिकचं,” सासूबाई म्हणाल्या.

“माहितीये?”

“पान मोडायला गेले तर वाकलं. तेव्हाच कळलं.”

“पण तुम्ही रोज पाणी घालता त्याला! मी बघते ना! सहा वर्षं!”

“तुला वाईट वाटू नये म्हणून,” सासूबाई म्हणाल्या आणि हसल्या.

सिस्टरच्या डोक्यात काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. सहा वर्षं ही बाई प्लास्टिकला पाणी घालतेय आणि सहा वर्षं आपण खालची बशी गुपचूप ओतून टाकतोय! तिच्या भुवया एकमेकींना भेटल्या. त्याबरोबर जावयाचा हात खुर्चीवरून उठला, सहाच्या सहा कोपरांनी वळला आणि सुई तिच्या कपाळासमोर वीतभर अंतरावर येऊन थांबली.

“चेहरा सापडला,” जावई म्हणाला. “राग अठ्ठ्याण्णव टक्के. कृपया आडवे व्हा.”

“बंद कर रे त्याला!” डॉक्टरीणबाई ओरडल्या. इंजिनीअरने टेबलाखाली बुडी मारून बटण दाबलं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, “बघ, तुला लगेच जमलं. हुशारच आहेस तू.”

दुसरी खेप गेली. इंजिनीअरने कंपनीला लावायचा नंबर शोधून ठेवला. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघू लागल्या. सिस्टर खुर्चीच्या कडेला टेकली आणि जावई आल्यापासून पहिल्यांदा कामाच्या वेळात साध्या आवाजात बोलली.

“आई, तुम्ही कधी रागवत नाही. मग ही आठी पडली कशी?”

सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, इंजिनीअरकडे बघितलं, जावयाकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि पुटपुटल्या, “कोठीच्या खोलीत.”

“काय कोठीच्या खोलीत?”

“रोज साडेतीनला जाते ना मी.”

“डबे मोजायला!”

“घरात डबे आहेत सतरा,” सासूबाई म्हणाल्या. “सतरा डबे मोजायला अर्धा तास लागतो का गं? दार लावते, दिवा बंद करते आणि रागावून घेते. तुझे सासरेसुद्धा म्हणतात, हिला डब्यांचं भारी वेड. दिवसभराचं एकदम उरकलं की मग बाहेर शांत राहता येतं.”

सिस्टरचं तोंड उघडं ते उघडंच. “चौदा वर्षं?”

“रविवारी सुट्टी असते. तू घरी असतेस.”

“मग इथे रागवा की आता! तेवढंच हवंय!”

“इथे नाही येणार. उजेडात आणि माणसांत मला ते जमत नाही,” सासूबाई ओशाळून म्हणाल्या. “एखाद्याला कशी दुसऱ्याच्या घरी झोप लागत नाही, तसं.”

डॉक्टरीणबाई स्वभावाने व्यवहारी. त्यांनी एकच प्रश्न विचारला. “आपल्याकडे सामानाची खोली आहे. जावई तिथे मावेल का?”

“मॅडम, कंपनीच्या नियमात बसत नाही,” इंजिनीअर म्हणाला.

“नियमाचं राहू दे. दारात बसतो का बघ.”

मग क्लिनिकने कधी न पाहिलेली वरात निघाली. सामानाची खोली दोनदा फिनेलने पुसून घेतली. जावयाला चाकं होती, पण उंबरठ्याची सवय नव्हती. इंजिनीअर मागून ढकलतोय, डॉक्टरीणबाई पुढून ओढतायत, सिस्टर एक्सटेन्शनची वायर नवरदेवाच्या शेल्यासारखी हातात धरून मागे, आणि सगळ्यांच्या पुढे सासूबाई, पदर खांद्यावरून घेऊन, वाट काढत. वेटिंगमध्ये बसलेल्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या. का राहिल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दारात जावयाचं तिसरं कोपर अडकलं, तेव्हा तो म्हणाला, “कृपया मला सन्मानाने हाताळा.” कुणी ऐकलं नाही. सून दारात अडकली तर कुणी ऐकतं का?

सामानाच्या खोलीत कापसाचे गठ्ठे होते, हातमोज्यांची खोकी होती आणि एक वजनकाटा होता, जो सगळ्यांना तीन किलो कमी दाखवायचा म्हणून निवृत्त होऊनही फेकलेला नव्हता. सासूबाई सलाईनच्या खोक्यावर बसल्या, डोकं भिंतीशी लावलेल्या उशीला टेकवलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळ पुन्हा स्पिरिटने पुसलं. जावयाला अंधारात दिसायचं. पडद्याचा उजेड पडू नये म्हणून त्यावर नॅपकिन टाकला, आकडा तेवढा उघडा ठेवला.

“एक माणूस आत लागेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सुई आहे. सिस्टर, तुम्ही कापसामागे थांबा.”

“पण आईंना माणूस असलं की—”

“ती असू दे,” सासूबाई म्हणाल्या. “ती नाही असं समजेन. सवय आहे मला.”

दार लागलं. दिवा गेला. सिस्टर कापसाच्या गठ्ठ्यांमागे उकिडवी बसली आणि शेवटची खेप सुरू झाली.

मग अंधारातून एक आवाज आला, जो सिस्टरने जन्मात ऐकला नव्हता. जाड, खालचा, पायऱ्या उतरत यावा तसा.

“झाकण,” आवाज म्हणाला. “पातेल्यावर झाकण ठेवते ते वाकडं. पातेलं गोल, झाकण गोल. वाकडं ठेवायला मेहनत लागते. ती मेहनत रोज घेते.”

चौतीस टक्के.

“ओला टॉवेल. दाराच्या कडीला. कडीला! घरात दोऱ्या आहेत तीन. मी बांधल्यात. स्टुलावर चढून.”

बावन्न.

“फोनवर बोलत घरभर फिरते आणि जाईल त्या खोलीत दिवा लावते. मागून मी. बंद करत. मी काय विजेच्या ऑफिसात लागलेय?”

सिस्टरने तोंडात कापूस कोंबला. तिला हसू येत होतं, आणि नुसतं हसू नव्हतं ते. चौदा वर्षं राहिलेल्या हॉटेलच्या भिंतीमागून एकदम कुणीतरी भांडी घासल्याचा आवाज यावा आणि कळावं, अरे, हे तर घर आहे, तसं तिला झालं होतं. तिला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

“काही सांगितलं की ‘बरं, आई’. ‘बरं, आई’ म्हणते आणि मग करते काय? तिला हवं तेच!”

सत्त्याहत्तर. आणि आकडा तिथेच बसला. सासूबाई दमल्यासारख्या थांबल्या. सत्त्याहत्तर, शहात्तर. सिस्टरचा जीव टांगणीला लागला. चार टक्क्यांसाठी आपली जागा फ्रीजला जाणार.

“आई,” ती कापसातून म्हणाली. “अजून एक राग आहे आत. तो काढा.”

“तू नाहीयेस इथे.”

“नाहीये. पण काढा.”

अंधारात सासूबाईंनी नाकाने श्वास घेतला.

“आम्ही पाच जणी फिरायला जातो सकाळी,” त्या म्हणाल्या. “चौघी बाकावर बसून सुनांचं सांगतात. एकीच्या सुनेने लाटणं फेकलं. एकीची तीन-तीन दिवस बोलत नाही. एकीला सुनेने तोंडावर कंजूष म्हटलं, ती तर नटून-थटून सांगते! माझी पाळी आली की मी काय सांगू? आमची सून ‘बरं’ म्हणते? त्या मला म्हणतात, अगं, तुझं घर आहे का पाहुण्यांची खोली! चौदा वर्षांत एकदा भांडली नाही माझ्याशी. एकदा! झाड मारलं तर येऊन सांगायचं, ‘मारलं, काय करायचं ते करा!’ मी दोन शब्द बोलले असते, तू चार बोलली असतीस! प्लास्टिक आणून ठेवलंस! माणूस भांडतं कुणाशी? परक्याशी? परकी आहे का मी तुला?”

शंभर. नॅपकिनखालून पडदा हिरवा झाला.

“राग नोंदवला आहे,” जावई अदबीने म्हणाला. “हलू नये.”

टुक, टुक, टुक, टुक, टुक. पाच टोचे, पाच ठिकाणी. सुई चालू असताना हसवायचं नाही, रडवायचं नाही, हा सिस्टरनेच केलेला नियम. तिने एक अख्खा कापसाचा बोळा चावून तो पाळला.

दार उघडलं तेव्हा इंजिनीअर एक कान दाराला लावूनच फोनवर होता. कंपनीने आकडा तिथेही पाहिला होता. शंभर आजवर कुठल्याच शहरात आला नव्हता. त्याने अहवालाचा रकाना सिस्टरसमोर धरला: ‘राग आणण्याचे साधन’.

“काय लिहू?”

“सून,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याने लिहिलं. पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं. तो म्हणाला, “नाही सर, पडद्याने नाही होणार. पडदा ओला टॉवेल कडीला टाकत नाही.” मग फोनवर हात ठेवून सिस्टरला म्हणाला, “पडदा रद्द. तुम्ही कायम. आणि ते विचारतायत, दुसऱ्या शाखेसाठी आणखी एखादी सून मिळेल का?”

सिस्टरने ते अर्धवटच ऐकलं. ती सासूबाईंना बाहेर सोडायला चालली होती. दोघी एकमेकींकडे न बघता चालत होत्या, शाळेत एकत्र पकडल्या गेलेल्या मुलींसारख्या.

“चार तास आडवं व्हायचं नाही,” सिस्टर काउंटरपाशी म्हणाली. “वाकायचं नाही. कपाळ चोळायचं नाही. आठी जायला आठ-दहा दिवस लागतील.”

“बरं,” म्हणत सासूबाईंनी कपाळ चोळलं.

सिस्टरच्या जिभेवर ‘राहू दे, आई’ आलं. ते तिने गिळलं. “हात खाली,” ती म्हणाली.

सासूबाई चमकल्या. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. त्यांनी सावकाश, मुद्दाम, बोट पुन्हा कपाळावर नेलं. “माझं कपाळ आहे.”

“टोचलंय आम्ही!”

“जावयाने टोचलंय. तू कापसात होतीस.”

“मी कापसात होते म्हणून झालं ते! नाहीतर बसला असतात डबे मोजत!”

“आवाज चढवतेस?”

“चढवते!” सिस्टर म्हणाली. तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. पाय जमिनीवर आहेत का ते तिने वाकून बघितलं. “आणि झाकण वाकडंच ठेवणार!”

“ठेवून तर बघ!”

“ठेवणार! वाफ जायला जागा लागते!”

“मग तसं चौदा वर्षांत बोलली का नाहीस, मेले?”

‘मेले’ ऐकून सिस्टरला जो आनंद झाला, तो पहिल्या पगाराला झाला नव्हता. वेटिंगमधल्या त्या दोन बायका पुन्हा उठून उभ्या राहिल्या. सासूबाईंनी पर्स काखेत मारली, मान उडवली आणि तरातरा बाहेर जाऊन काचेचं दार जिवाच्या आकांताने मागे ढकललं.

पण ते दार दवाखान्याचं. त्याला वर ती तेलाची नळी होती, आपटू न देणारी. दार सावकाश आलं, अर्ध्यावर विचारात पडलं आणि मग हळुवार, कुणाची झोप मोडू नये असं मिटत चाललं. सासूबाई बाहेरून बघत राहिल्या. त्यांचा चेहरा इतका पडला की सिस्टरला राहवेना. ती धावत बाहेर गेली.

“असं नाही, आई. खालून धरायचं. मी वर रेटते.”

“जोर आहे का तुझ्या हातात? हलका हात म्हणे!”

“तुम्ही तुमचं बघा!”

दोघींनी दार पार मागे नेलं, एकमेकींकडे बघितलं, तीन आकडे मोजले आणि अंगातलं सगळं बळ लावून आपटलं. वरची नळी सुटून खाली पडली, काच थडथडली, आणि आतून डॉक्टरीणबाई ओरडल्या, “कोण आहे ते?”

“आम्ही!” सासूबाई ओरडल्या, आणि सुनेचा हात धरून पळत सुटल्या.